विद्यापीठाच्या दप्तरातील आपली अमानत

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



‘शिक्षणाचे महत्त्व’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी कार्यवाहांची सूचना होती. परंतु ते महत्त्व तुम्हांला पटलेले नसते, तर आज दुकाने बंद ठेवून आणि रोजंदारी बुडवून तुम्ही इथे आलाच नसता. तेव्हा महत्त्वाचा विषय बाजूला ठेवून मी अडचणीच्या विषयाकडे वळतो. आपली मुले दहावी होतात, बारावी होतात, अल्लाहच्या मेहरबानीने कॉलेजातही जातात. पुढे विद्यापीठाच्या कचेरीत एखादा कागद अडला की मात्र आपण हतबल होतो. त्या कचेरीत आपला हक्क कोणता आणि तो मागायचा कसा, एवढेच मला आज सांगायचे आहे.

कोकणातल्या आपल्या मुलांचे उदाहरण घ्या. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत. खेड-राजापूरच्या मुलाला गुणपत्रिकेतली चूक दुरुस्त करून घ्यायची झाली, तर त्याला अनेकदा थेट कलिना गाठावेसे वाटते. रात्रीची गाडी, सकाळी खिडकीपुढची रांग आणि दुपारी ‘उद्या या’ हे उत्तर. मुंबईत नातेवाईक असेल तर मुक्काम होतो, नसेल तर पोरगा त्याच दिवशी परततो. असे दोनदा झाले की बाप म्हणतो, ‘जाऊ दे बाळा, नशिबात नव्हते.’ पालकहो, जे केवळ एका टेबलावर अडलेले असते, त्याला आपण नशीब म्हणून मोकळे होतो.

सच्चर समितीने २००६ साली देशापुढे ठेवलेला अहवाल आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. पदवीपर्यंत पोहोचणाऱ्या मुसलमान मुलामुलींचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा कमी असल्याचे त्या अहवालाने आकड्यांनिशी दाखवून दिले. जिथे पोहोचणारेच थोडे, तिथे पोहोचलेला एकही विद्यार्थी कागदापायी परत येता कामा नये.

आता मी थोडे दीनविषयी बोलतो. इथे आलिम मंडळी बसली आहेत, माझे चुकले तर त्यांनी दुरुस्त करावे. कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत कोणत्या विषयावर आहे? ती सूरह बकरामधील २८२ वी आयत असून तिचा विषय आहे व्यवहार लिहून ठेवणे. उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहावा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, लिहायला नकार देऊ नये, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. ज्याला स्वतः सांगता येत नाही, त्याच्या वतीने त्याच्या पालकाने सांगावे, याचीही तरतूद तीत आहे. सूरह निसामध्ये अमानत ज्याची त्याला पोहोचती करण्याचा हुकूम आहे. म्हणजे कागद लिहिणे आणि तो हक्कदाराला दाखवणे या गोष्टी आपल्याला परक्या नाहीत. कागद मागणे म्हणजे भांडण उकरून काढणे, ही समजूत मनातून काढून टाका.

हीच गोष्ट आपल्या देशाच्या कायद्याने वेगळ्या भाषेत सांगितली आहे. १९२३ चा सरकारी गुपितांचा कायदा इंग्रजांनी केला. तेव्हापासून कचेरीतला कागद साहेबाचा आणि रयतेने तो पाहू नये, अशी रीत पडली. तिच्याविरुद्ध राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने, तर महाराष्ट्रात अण्णा हजारे यांनी आंदोलने केली. महाराष्ट्राने २००२ साली स्वतःचा माहिती अधिकाराचा कायदा केला. पुढे संसदेने २००५ साली सर्व देशासाठी कायदा केला आणि तो १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. गुपितांच्या जुन्या कायद्याशी विरोध आला तर हाच कायदा वरचढ ठरेल, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले प्रत्येक विद्यापीठ त्याच्या कक्षेत येते.

विद्यार्थी मित्रांनो, आता उत्तरपत्रिकेची हकिकत ऐका, कारण ती तुमच्या अगदी जवळची आहे.

आपल्या राज्याच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचा एक नियम होता. तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला पाहता येणार नाही आणि पुनर्मूल्यांकनही मागता येणार नाही, असे तो सांगत होता. मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८४ साली त्या न्यायालयाने मंडळाचा नियम वैध ठरवला. त्यानंतर पाव शतकभर परीक्षा घेणाऱ्या संस्था त्या निकालाकडे बोट दाखवीत राहिल्या.

माहिती अधिकाराचा कायदा आल्यावर कलकत्ता विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्यास मागितली. विद्यापीठाने ती नाकारली. तो विद्यार्थी कलकत्ता उच्च न्यायालयात गेला. २००८ साली एका न्यायमूर्तींनी आणि फेब्रुवारी २००९ मध्ये खंडपीठाने त्याच्या बाजूने कौल दिला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या एका विद्यार्थ्याचे प्रकरणही त्याच सुमारास त्याच न्यायालयात होते. मंडळ, विद्यापीठ आणि इतर परीक्षा संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी न्या. रवींद्रन व न्या. पटनायक यांच्या खंडपीठाने निकाल दिला.

त्या खटल्यातील एक मुद्दा आपण लक्षात ठेवण्यासारखा आहे. परीक्षा संस्थांचे म्हणणे असे होते की, तपासलेली उत्तरपत्रिका आमच्याकडे विश्वस्त या नात्याने असते, म्हणून ती उघड करता येत नाही. कायद्यात विश्वासाच्या नात्याने ठेवलेल्या माहितीला सूट आहे, तिचा हा आधार. आपल्या भाषेत सांगायचे तर ते म्हणाले, ‘ही अमानत आहे, आम्ही ती दाखवणार नाही.’ त्यावर न्यायालयाच्या सांगण्याचा मथितार्थ असा : अमानत म्हणता, तर ती कोणाची? परीक्षक हा तुम्ही नेमलेला माणूस; उत्तरपत्रिका तपासून तुमच्या हवाली केल्यावर तिच्यावर त्याचा कसलाही हक्क उरत नाही. आणि विद्यार्थ्याची अमानत म्हणत असाल, तर ती विद्यार्थ्यापासूनच कशी लपवता येईल? तेव्हा तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे, परीक्षा देणाऱ्याला ती पाहण्याचा व तिची प्रत घेण्याचा हक्क आहे, असे न्यायालयाने ठरवले. परीक्षकाच्या जीविताला धोका होऊ नये म्हणून त्याचे नाव, सही, क्रमांक मात्र झाकावेत, असेही सांगितले.

हा निकाल विद्यार्थ्याला काय देतो, तसेच काय देत नाही, तेही समजून घ्या. उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मिळाला म्हणून पुनर्मूल्यांकनाचा हक्क आपोआप मिळत नाही. ते विद्यापीठाच्या नियमांप्रमाणेच होते. दुसरे असे की, उत्तरपत्रिका कायमच्या जपून ठेवल्या जात नाहीत. नियमात ठरलेली मुदत संपली की त्या नष्ट होतात आणि नसलेला कागद कोणी देऊ शकत नाही. म्हणून निकालानंतर सहा महिने हळहळत बसू नये; अर्ज पहिल्या आठवड्यातच करावा. बहुतेक विद्यापीठांत छायाप्रतीसाठी आणि पुनर्मूल्यांकनासाठी वेगळे अर्ज असतात आणि त्यांची तारीख थोड्या दिवसांची असते. माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट पाहत ती तारीख घालवू नका. दोन्ही अर्ज बरोबरीने करा.

शुल्काविषयीही एक निकाल आहे. कंपनी सचिवांची संस्था उत्तरपत्रिकेच्या प्रतीसाठी प्रत्येक विषयाला ५०० रुपये घेत असे. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, संस्थेच्या नियमाप्रमाणे मागायचे की माहिती अधिकाराखाली, हे विद्यार्थ्याने ठरवावे. माहिती अधिकाराखाली मागितले तर शुल्क त्या कायद्याप्रमाणेच पडेल. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे अर्जाला १० रुपये आणि प्रतीच्या प्रत्येक पानाला २ रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाने दाखला जोडला, तर शुल्क पडत नाही.

आता अर्जाकडे वळू. साध्या कागदावर, राज्याच्या नियमांतील ‘जोडपत्र अ’ या नमुन्यात, मराठीत अर्ज लिहायचा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि वर ‘जन माहिती अधिकारी, अमुक विद्यापीठ’ असे लिहायचे. महाराष्ट्रात २०१२ पासून नियम आहे की एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत असावा. अर्ज पोस्टाने पाठवता येतो. रजिस्टर केला तर पावती हातात राहते आणि मुंबईची फेरी वाचते. ‘तुम्हांला हे कशाला हवे?’ असे विचारण्याची मुभा कायद्याने अधिकाऱ्याला दिलेली नाही. अर्जदाराला लिहिता येत नसेल, तर त्याचे तोंडी म्हणणे लेखी करून घेण्यास मदत करणे हे त्या अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. अंगठा उठवणाऱ्या माझ्या माताभगिनींनी हे वाक्य घरी घेऊन जावे.

उत्तर ३० दिवसांत यायला हवे. कागद दुसऱ्या कार्यालयात असेल, तर अधिकाऱ्याने अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवावा आणि तसे अर्जदाराला कळवावे. अर्ज परत करू नये. मुदत उलटली, तर माहिती विनाशुल्क द्यावी लागते. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच विद्यापीठातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील करावे. त्यानेही दाद दिली नाही, तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. दोन्ही अपिलांना आपल्या राज्यात २० रुपयांचा स्टॅम्प लागतो. विनाकारण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग दररोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो आणि तो त्याच्या खिशातून जातो. मात्र हेही सांगतो की, आयोगापुढे प्रकरणांचा ढीग असतो आणि तिथे पुष्कळ काळ जातो. म्हणून अर्ज असा लिहावा की पहिल्याच पायरीवर काम व्हावे.

तसा अर्ज लिहिण्याची खुबी काय? कागद मागावा, कैफियत मागू नये. ‘माझ्या मुलाला नापास का केले?’ या प्रश्नाला हा कायदा उत्तर देत नाही. जे दप्तरात आहे तेवढेच द्यायचे; नवी कारणे शोधून लिहायची किंवा मत द्यायचे बंधन अधिकाऱ्यावर नाही. त्याऐवजी लिहा : ‘अमुक परीक्षेतील, अमुक आसनक्रमांकाच्या, अमुक विषयाच्या माझ्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत मिळावी.’ शिष्यवृत्ती अडली असेल, तर ‘का अडली’ असे विचारू नका. ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जाची आवक नोंद, तो कोणत्या टेबलावर किती दिवस होता याची नोंद आणि त्यावरील टिप्पण्या यांच्या प्रती मिळाव्यात’ असे लिहा. अर्ज विद्यार्थ्याने स्वतःच्या सहीने करावा, कारण दुसऱ्याची वैयक्तिक माहिती नाकारण्याची तरतूद कायद्यात आहे आणि बापाने सही केली तर तेवढेच निमित्त मिळते.

आपल्या समाजात वरचेवर उद्भवणारी एक अडचण नावाची आहे. एकाच घरात ‘शेख’ हे आडनाव इंग्रजीत तीन प्रकारे लिहिलेले आढळते. ‘मोहम्मद’ कुठे पूर्ण असते, कुठे ‘मोहं.’ असे तोडलेले. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एक, आधार कार्डावर दुसरे आणि पदवी प्रमाणपत्रावर तिसरेच. नोकरीच्या वेळी आणि पासपोर्टच्या वेळी हे उभे राहते.

माझ्या एका माजी विद्यार्थिनीच्या गुणपत्रिकेवर तिच्या वडिलांचे नाव चुकीचे छापून आले. विद्यापीठ म्हणे, कॉलेजने चूक केली. कॉलेज म्हणे, आमच्याकडून बरोबर गेले. चार महिने ती दोन्हीकडे फिरत होती आणि दुरुस्तीचे शुल्क तिनेच भरावे, असा आग्रह चालला होता. शेवटी तिने विद्यापीठाकडे एकच गोष्ट मागितली : तिच्या स्वतःच्या परीक्षा अर्जाची प्रमाणित प्रत. सव्विसाव्या दिवशी ती आली. अर्जात नाव बरोबर होते. चूक पुढच्या नोंदीत झाली होती. ती प्रत जोडताच वाद संपला, शुल्कही पडले नाही आणि दुरुस्त गुणपत्रिका पोस्टाने घरी आली. तिने कोणाशीही आवाज चढवून बोलणे केले नव्हते.

दुसरी हकिकत एका मुलाची. त्याला खात्री होती की आपल्याला मुद्दाम कमी गुण दिले. आडनाव पाहून दिले, असेही तो म्हणे. उत्तरपत्रिका आली, आम्ही दोघांनी ती पानापानाने पाहिली. गुणांची बेरीज बरोबर होती. दहा गुणांच्या प्रश्नात त्याने विचारलेले सोडून भलतेच लिहिले होते. तो बराच वेळ गप्प बसला. पुढच्या परीक्षेला त्याने आधी प्रश्न वाचायला शिकून घेतले आणि तो पास झाला. तो कागद त्याला मिळाला नसता, तर जन्मभर तो एक संशय मनात घेऊन फिरला असता. अन्याय झाला असेल तर तो कागदावर दिसतो आणि झाला नसेल तर तेही कागदावरच दिसते. दोन्ही दृष्टींनी आपला फायदाच आहे.

पालकांनी प्रवेशाआधीसुद्धा हा हक्क वापरावा. नवीन कॉलेज निघते, रंगीत जाहिरात येते, पन्नास-साठ हजार रुपये भरले जातात आणि नंतर कळते की त्या अभ्यासक्रमाला विद्यापीठाची संलग्नताच नव्हती. कॉलेज विनाअनुदानित असले तरी त्याची संलग्नता, मंजूर प्रवेशसंख्या, मान्यता मिळालेले शिक्षक, तपासणी समितीचा अहवाल, हे कागद विद्यापीठात असतात आणि ते विद्यापीठाकडे मागता येतात. कायद्याच्या चौथ्या कलमात तर सतरा बाबी अशा दिल्या आहेत की, त्या कोणी न मागताच प्रत्येक कार्यालयाने स्वतः प्रसिद्ध कराव्यात. तेव्हा आधी विद्यापीठाची प्रसिद्ध यादी पाहा. तिथे नसेल तर अर्ज करा.

एका विद्यार्थ्यापुरता हा प्रश्न नाही. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या वेळी मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत आणली. निकाल महिनोन्‌ महिने रखडले, पुढच्या प्रवेशाच्या तारखा हुकल्या आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. एवढे मोठे विद्यापीठ, पण व्यवस्था कोलमडली की सोसावे लागते ते गावाकडच्या विद्यार्थ्याला. अशा वेळी ज्याच्या हातात अर्जाची पावती आणि तारीख आहे, त्याचे म्हणणे ऐकले जाते.

आता थोडे कडू बोलतो आणि ते आपल्या घराविषयी आहे. विद्यापीठाकडे जे मागायचे, ते आपल्याकडे कोणी मागितले तर? शासनाच्या पैशावर मोठ्या प्रमाणात चालणाऱ्या शाळा-कॉलेजांनाही हा कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले आहे. घटनेच्या ३० व्या कलमाने आपल्याला संस्था चालवण्याचा हक्क दिला आहे. हिशेब आणि रजिस्टर झाकण्याची सवलत दिलेली नाही. आपले जनरल रजिस्टर स्वच्छ असावे. प्रवेशाच्या दिवशीच मुलाचे नाव पालकाला वाचून दाखवावे, इंग्रजी अक्षरांसह. नियुक्त्या आणि देणग्या यांचे कागद कोणीही मागितले तरी आपल्या माथ्यावर आठी पडू नये. वर सांगितलेली आयत लिहिणाऱ्याला इन्साफाने लिहिण्याचा हुकूम देते आणि आपल्या संस्थांत लिहिणारे आपणच आहोत.

हे हत्यार सूड उगवण्यासाठी वापरू नका, हेही निक्षून सांगतो. एकाच कारकुनाविरुद्ध पन्नास अर्ज करणे, शिक्षकांची घरगुती माहिती मागणे, अर्जाची धमकी देऊन पैसे उकळणे, असे प्रकार घडतात. त्याने खऱ्या गरजूचा अर्ज संशयाने पाहिला जातो. २०११ च्या त्याच निकालात न्यायालयाने अव्यवहार्य मागण्यांविषयी सावध केले आहे. खिडकीमागे बसलेला माणूसही कोणाचा तरी मुलगा आहे आणि त्याच्यापुढे कामाचा डोंगर आहे. त्याला सलाम करून अर्ज द्या आणि पावती घ्या.

शेवटी संस्थेपुढे एक विनंती ठेवतो. आपल्या वाचनालयात आठवड्यातून एक दिवस, जुम्याच्या नमाजनंतर दोन तास, अर्ज लिहून देण्याचे टेबल ठेवावे. पदवीच्या वर्गातील मुलामुलींनी तिथे पाळीपाळीने बसावे. आलेल्या प्रत्येक अर्जाची तारीख एका वहीत लिहावी आणि तिसाव्या दिवशी त्या घराला आठवण द्यावी. याला इमारत लागत नाही, देणगी लागत नाही. एक वही, कोर्ट फी स्टॅम्प आणि वेळ देणारे चार विद्यार्थी पुरेत. पहिल्या महिन्याच्या स्टॅम्पांचा खर्च माझा आणि पहिल्या दोन शुक्रवारी टेबलावर मी स्वतः बसेन.